राजगड, संजीवनी माची: दोन तटांमधला तो बोळ नक्की कशासाठी?

जुई_प

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. कारण घरात भांडण लागलंय आणि ते तुम्हीच मिटवू शकाल.

मागच्या रविवारी बाबांना घेऊन राजगडला गेले होते. बाबा ६७ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, गुडघे बरे आणि हट्ट त्याहून बरा. पाली दरवाज्याने चढलो, पद्मावती माचीवर (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची, तट बांधलेली डोंगराची सोंड) डबा खाल्ला. बालेकिल्ल्याच्या वाटेवर गर्दी होती म्हणून आधी संजीवनीकडे निघालो. पहिला टप्पा उतरल्यावर तटाच्या कडेकडेने चालत होतो. गवतात एक भोक दिसलं. खिडकीएवढं, पण जमिनीलगत. आत डोकावले तर पायऱ्या खाली गेलेल्या. पायऱ्या कसल्या, गुडघ्याएवढे टप्पे. बसून, एकेक पाय सोडत उतरले. खाली एक बोळ. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती आणि वर आभाळाची पट्टी. पाठीवर सॅक असताना वळता येईना, शेवटी ती काढून पुढे धरली.

वरून बाबा ओरडत होते, "पाण्याचा पाट असणार तो, बाहेर ये!" तेवढ्यात तीसेक मुलांना घेऊन आलेल्या एका दादांनी त्यांना सांगितलं, "इथे कैदी ठेवायचे." मुलांनी लगेच फोटो काढले.

दोन्ही मला पटत नाही. मी म्हणाले, दुहेरी तट आहे, संरक्षणासाठी. यावर बाबांनी परतीच्या वाटेवर नसरापूर येईपर्यंत एकच मुद्दा लावून धरला: "संरक्षणच हवं होतं तर एकच जाड भिंत बांधली असती. दोन भिंती बांधायला खर्च जास्त. महाराज काही उधळे नव्हते."

मला उत्तर देता आलं नाही. कुणी नीट सांगेल का? एक जाड भिंत का नाही?

गडकोट_भटका

चिलखती तटबंदी म्हणतात त्याला. सर्च मारा, शंभर व्हिडिओ मिळतील.

बाकी आमचे आजोबा सांगायचे की तिथून भुयार थेट तोरण्याला निघतं. इंग्रजांनी बुजवलं.

ओळंबा

भटका, भुयाराचं राहू द्या. प्रत्येक गडावरून एक भुयार शेजारच्या गडावर जातं आणि प्रत्येक भुयार इंग्रजांनीच बुजवलेलं असतं. इतकी माती वाहायला त्यांच्याकडे माणसं कुठून आली, हा हिशोब कुणी मांडत नाही.

जुईताई, आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. प्रश्न त्यांचा पक्का आहे. "शत्रूला चकवण्यासाठी" एवढं सांगून सोडून द्यायचा नाही.

थोडं माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी सरकारी बांधकामावर ओव्हरसियर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. इतिहासकार नाही. जन्मभर रस्ते, मोऱ्या आणि घाटातल्या धारक भिंती बांधल्या. त्यातल्या दोन पडल्या. एक तर माझ्या डोळ्यांदेखत. जुलैचा महिना, रात्रभर झोड, सकाळी बघतो तर भिंतीच्या पोटाला फुगवटा आलेला. दुपारपर्यंत ती माती घेऊन रस्त्यावर. दगड चांगला होता, जाडी नकाशाप्रमाणे होती. पाणी बाहेर पडायला ठेवायची भोकं मात्र घाईत बुजली होती. त्या दिवसापासून कुठलीही जुनी भिंत दिसली की मी आधी तिच्या पाठीमागे काय आहे ते बघतो. राजगडाला १९८४ पासून जातोय आणि संजीवनीवरच्या त्या बोळात माझे निदान आठ-दहा दिवस गेले असतील.

आता मुद्दा. जाड भिंत म्हणजे आरपार दगड, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. जुना जाड तट म्हणजे दोन कातडी: बाहेरून घडीव चिरे, आतून घडीव चिरे आणि मधे दगडगोटे, माती, चुना यांची भर. तोफेचा गोळा बाहेरच्या चिऱ्यांवर बसला आणि चार चिरे निखळले की मधली भर भसाभस बाहेर येते. गव्हाच्या पोत्याला टोच्या लावावा तशी. मग जाडी असून उपयोग काय? भर निघून गेली की आतलं कातडंही उभं राहत नाही.

दोन वेगळे तट असले की बाहेरचा पडला तरी त्याचा धक्का आतल्याला पोचत नाही. मधे मोकळी हवा आहे. बाहेरच्याचा राडारोडा बराचसा त्या बोळातच पडतो. आतला तट जसाच्या तसा उभा. पुन्हा बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, तर रात्री बोळात उतरून आतल्या बाजूने दुरुस्ती करता येते, शत्रूला दिसतही नाही.

पण ही झाली पुस्तकी बाजू. तुम्ही स्वतः खाली उतरलात ते फार बरं केलंत, कारण पुढचं तुम्हाला तुमच्या सॅकवरून कळेल.

समजा मी मुघलांचा शिपाई आहे. कसाबसा बाहेरचा तट फोडून आत आलो. कुठे आलो? त्या बोळात. समोर दुसरा तट. वर जायला शिडी हवी. आता शिडी भिंतीला टेकवायची तर तिचा पाय भिंतीपासून लांब ठेवावा लागतो, हे घरी ट्यूबलाइट बदलणाऱ्यालाही माहीत आहे. त्या बोळात पाय मागे घ्यायला जागाच नाही. शिडी उभीच्या उभी राहणार आणि पहिल्या माणसाबरोबर मागे कलणार. दरवाजा फोडायला ओंडका आणावा तर मागे घेऊन ठोसा द्यायला जागा नाही. तलवार आडवी फिरवायला जागा नाही. मागून येणारे पुढच्याला ढकलतात, पुढचा वळू शकत नाही. वरून धोंडे.

बरं, दिंडी सापडली. दिंडी म्हणजे तुम्ही ज्यातून उतरलात ते भोक. तिच्या पायऱ्या तुम्ही गुडघ्याएवढ्या म्हणालात. त्या कंटाळा करून तशा ठेवलेल्या नाहीत. उतरताना तुम्ही बसलात. चढताना काय केलंत? दोन्ही हात टेकले असणार. हात टेकले म्हणजे ढाल-तलवार खाली ठेवली. आणि वर एकच गडी उभा, तुमचं डोकं बाहेर यायची वाट बघत. वरून चार धोंडे टाकले की दिंडी बंद.

बाबांना एवढं मात्र सांगा की खर्चाबाबत ते बरोबर आहेत. एका जाड तटाला घडीव दगडाच्या दोनच बाजू लागतात, दुहेरीला चार. पाथरवटाची मजुरी दुप्पट. म्हणजे हा पैसा समजून उमजून, ठराविक ठिकाणीच टाकलेला आहे. राजगडाला सगळीकडे दुहेरी तट नाही. जिथे कडा सरळ तुटलेला आहे तिथे तट साधाच आहे, काही ठिकाणी नावापुरता. कड्यानेच फुकट काम केलंय. जिथे डोंगर उतरता आहे तिथेच हा खर्च.

ते समजायला गडाचा आकार डोळ्यासमोर आणा. मधे बालेकिल्ला, उंच सुळक्यासारखा, आणि त्याला तीन सोंडा फुटलेल्या: उत्तरेला पद्मावती, आग्नेयेला सुवेळा, नैर्ऋत्येला संजीवनी. पद्मावती रुंद, म्हणून वस्ती तिथे: तळं, देऊळ, सदर, कोठार. सुवेळा आणि संजीवनी चिंचोळ्या. संजीवनी तर साधारण अडीच किलोमीटर लांब आणि तिच्या टोकाकडून डोंगराची धार सरळ तोरण्याच्या बुधला माचीला भिडते. आजही राजगड-तोरणा करणारी मंडळी आळू दरवाज्याने उतरून त्याच धारेने जातात. म्हणजे उरलेल्या बाजूंनी शत्रूला दरीतून छाती फुटेपर्यंत चढावं लागतं, पण इथून तो डोंगराच्या पाठीवरून चालत येऊ शकतो. गडाची दुखरी नस ती. म्हणून माची तीन टप्प्यांत उतरवलेली, प्रत्येक टप्प्याला चिलखती बुरूज, आणि सगळे मिळून १९ बुरूज. खालचा टप्पा गेला तरी वरचा त्याच्या डोक्यावर बसलेला.

मैदानी किल्ला असता तर अशा बाजूला खंदक खणला असता. सोंडेवर खंदकाला रुंदी कुठून आणणार? माझं आपलं मत असं की हा बोळ म्हणजे उभा करून दोन भिंतींत कोंबलेला खंदक आहे.

आणि आता माझी आवडती गोष्ट, ही कुठे वाचलेली नाही, माझ्या पडलेल्या भिंतीने शिकवलेली आहे. आतल्या तटाच्या पाठीला माचीची माती आहे. पावसाळ्यात ती माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला बाहेर रेटते. एकच तट असता तर हा रेटा थेट बाहेरच्या चिऱ्यांवर आला असता, आणि तोफ न डागता दहा-पंधरा पावसाळ्यांत तट दरीत गेला असता. इथे आतला तट माती धरतो आणि झिरपलेलं पाणी बोळात सोडतो. बाहेरच्या तटाच्या पाठीला मातीच नाही. त्याला फक्त स्वतःचं वजन पेलायचंय. सह्याद्रीत तटाचा रोजचा शत्रू मुघल नाही, पाऊस आहे. मुघल वीस वर्षांतून एकदा यायचे.

तेव्हा बाबांचा पाण्याचा पाटही अगदीच चूक नाही. फक्त तो पाट शत्रूलाही उपयोगी पडू नये असा बांधलाय.

जुई_प

ओळंबाकाका, मी हे सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. शिडीच्या मुद्द्यावर ते गप्प झाले. खर्चाच्या मुद्द्यावर "बघ, मी म्हणत नव्हतो!" आणि पाटाच्या मुद्द्यावर चहा मागितला.

त्यांची एक शंका अजून आहे. बोळाजवळच तटात त्यांना एक लहानशी कोठडी दिसली, बाहेर दरीकडे उघडणारी. बसायला दोन दगड, मधे फट. ते म्हणतात पहारेकऱ्याची चौकी. पण पहारेकरी दरीकडे पाठ करून का बसेल?

ओळंबा

कारण तो पहारा देत नव्हता. शौचकूप आहे तो.

हसू नका, मला तरी त्या अख्ख्या माचीवर सगळ्यात आदर वाटतो तो या कोठड्यांचा. विचार करा, वेढा पडलाय, तटावर रात्रंदिवस माणसं उभी आहेत. एकेकाला विधीसाठी लांब पाठवलं तर पहारा मोडतो. माचीवरच उघड्यावर बसले तर महिन्याभरात हगवण लागते आणि गड तोफेशिवाय पडतो. म्हणून तटाच्या जाडीतच सोय, घाण थेट बाहेर कड्यावर. पद्मावती माचीवरही आहेत. १७ व्या शतकात राजवाड्यातली सोय सांगणारे पुष्कळ भेटतील, साध्या शिपायाची सोय दगडात बांधून ठेवणारे थोडे.

आणि टाकी बघितलीत ना? संजीवनीवर तटालगत पाण्याची टाकी आहेत. तीही पाथरवटाच्या नजरेने बघा. गडावर दगड खालून कोण वाहून आणणार? टाकं खोदायचं, त्यातून निघालेला कातळ घडवून तटाला लावायचा. एका घावात दोन कामं. टाकं जेवढं खोल, तट तेवढा उंच. बाबांना हा जमाखर्च आवडेल.

पुढच्या वेळी जाल तेव्हा एक काम करा. बोळात उतरल्यावर मोबाइलची बॅटरी भिंतीला समांतर धरा, तिरकी. समोरून उजेड मारला तर चिरा सपाट दिसतो. तिरका मारला की छिन्नीचे वण उठून दिसतात. कडेला बारीक, एका रेषेत, पोटात ओबडधोबड. म्हणजे चिरा जिथे शेजाऱ्याला भिडतो तेवढाच भाग मन लावून घडवलाय, बाकी वेळ वाचवलाय. मी बराच वेळ नुसता तेच बघत बसतो, सोबतचे वैतागून पुढे जातात.

आणि एक विनंती. चिऱ्यांच्या सांध्यात उंबर, पिंपळाचं रोपटं दिसलं तर ओढू नका. मुळं आत गेलेली असतात, रोपट्याबरोबर सांधा निघतो. एका गडावर, नाव घेत नाही, सांधे सिमेंटने भरलेले पाहिले. दिसायला चकाचक. चुन्याच्या सांध्यातून झिरपणारं पाणी सिमेंटने कोंडलं आणि दोन पावसाळ्यांत शेजारचे चिरे पोट काढून बाहेर आले. माझीच भिंत पुन्हा बघितल्यासारखं झालं.

गुंजवणेकर

राम राम. मी पायथ्याचा. सगळं वाचलं. ओळंबाकाकांनी शिडीचं सांगितलं ते लाखात एक. आमच्याकडं त्याचा पुरावा आहे, जरा वेगळा.

आमची आजी पद्मावतीच्या तळ्यापाशी ताक विकायची. तवा गडावर गुरं पण चरायला जायची. माझ्या बापाच्या लहानपणी एक गोऱ्हा चरत चरत त्या बोळात पडला. कुठं लागलं-बिगलं नव्हतं, नुसता उभा. पण पुढं जाईना आणि मागं फिरता येईना. माणूस आत उतरला तर तो गोऱ्ह्याच्या पुढंच, मागं जायला जागा न्हाई. शेवटी वरनं दोर सोडून पोटाखालनं घेतला आणि आठ माणसांनी वढला. सकाळी पडला तो दिवेलागणीला निघाला. म्हातारी म्हणायची, जनावराला जे कळलं ते दुश्मनाला बी कळलं आसंल.

लोकांना एक सांगणं. पावसाळा सरल्यावर गवत कमरेएवढं असतं, दिंड्या दिसत न्हाईत, पाय जातो. बोळात घोणस असते, काठी आपटून उतरा. आणि सुवेळा माचीवर नेढ्यात, म्हंजे कातळातल्या आरपार भोकात, आग्या मोहोळ असतंय, तिथं शिट्ट्या मारू नका, अत्तर लावून येऊ नका. दरवर्षी कुणीतरी सुजून खाली येतंय आणि झोळी आम्हालाच करायला लागती.

चोर दरवाज्यानं चढणाऱ्यांनी रेलिंगला धरून फोटो काढायला थांबू नये. मागं लाइन लागती.

गडकोट_भटका

गोऱ्ह्यापुढे माझं भुयार मागे घेतो. 😄

पण एक विचारतो. एवढं सगळं केलं, चोवीस-पंचवीस वर्षं राजधानी ठेवली, तर मग राजगड सोडून रायगडला का गेले? आणि एवढा भक्कम होता तर मुघलांनी घेतला कसा?

मोडीवाचक

इथे थोडं लिहितो, दगडातलं मला कळत नाही.

हा मूळचा मुरुंबदेवाचा डोंगर. निजामशाहीच्या सुरुवातीपासून ठाणं होतं, पण लहान. तोरणा हाती आल्यावर महाराजांनी १६४८ च्या आसपास हा डोंगर बांधायला काढला. तोरण्यावर धन सापडलं आणि ते राजगडाला लावलं, ही कथा सर्वांना ठाऊक आहेच. बखरकार कृष्णाजी अनंत सभासद गडाच्या चार माच्या म्हणतो, आपण आज तीन मोजतो. मला वाटतं त्याने बालेकिल्ला धरला असावा. यावर मित्रांशी वाद घालून मी एकदा जेवण गमावलंय, इथे पुन्हा नको.

घरच्या घटना पाहिल्या तर हा गड राजधानीपेक्षा घर जास्त होता असं वाटतं. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ ला इथेच गेल्या, पद्मावती माचीवर त्यांची समाधी दाखवतात. तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे, आणि अफजलखान वाईत येऊन बसलेला. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ मध्ये परतले ते राजगडावरच. राजाराम महाराजांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७० चा, याच गडावरचा. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला तेव्हा २३ किल्ले दिले आणि १२ ठेवले. ठेवलेल्यांत राजगड होता. तहाआधीच्या मोहिमेत मुघलांनी पायथ्याची गावं जाळली, गड मात्र हाती लागला नाही.

रायगडला का गेले? माझ्या मते, ओळंबा ज्याची एवढी स्तुती करतायत तोच आकार आड आला. तीन सोंडा आणि मधे सुळका हा लढायला उत्तम, राज्यकारभाराला अडचणीचा. बालेकिल्ल्यावर जागा थोडी, चढ जीवघेणा. पद्मावतीवरून रोज कागद घेऊन बालेकिल्ल्यावर जाणाऱ्या कारकुनाचा विचार करा. १६७० नंतर राज्य वाढलं, दरबार, अठरा कारखाने, वकील, व्यापारी यांना एका सपाटीवर जागा हवी होती. रायगडाचा माथा सपाट आणि ऐसपैस, चहूकडे तुटलेला कडा, समुद्र जवळ. तिथे बाजारपेठ मांडता आली आणि ६ जून १६७४ चा राज्याभिषेक करता आला. राजगडावर तो सोहळा बसवून बघा, पाहुणे तीन माच्यांत वाटावे लागले असते.

मुघलांनी घेतला कसा, तर औरंगजेब स्वतः आला तेव्हा. १७०३ च्या अखेरीस वेढा घातला, फेब्रुवारी १७०४ मध्ये गड घेतला, नाव ठेवलं नबीशहागड. त्याच्याकडचा इतिहासकार साकी मुस्तैदखान गडाचा घेर बारा कोस लिहितो. डोंगराच्या सगळ्या सोंडा धरून मोजला असेल तर अतिशयोक्ती मोठी नाही. नाव काही टिकलं नाही, १७०७ मध्ये औरंगजेब गेल्यावर गड परत आपल्याकडे.

ओळंबा

मोडीवाचक, कारकुनाचं बाकी छान. मी स्वतः त्या कारकुनाच्या जातीचा, बिलं घेऊन जिने चढलेला.

आकाराबद्दल मान्य. पण एक भर घालतो. रायगडाला असा दुहेरी तट का नाही, याचं उत्तरही तुमच्याच उत्तरात आहे. रायगडाला सोंडच नाही. चालत येण्यासारखी धार नाही. तिथे कड्याने जे फुकट दिलं ते राजगडाला विकत घ्यावं लागलं. राजधानी हलवताना हाही हिशोब कुणीतरी केला असेल असं मला आपलं वाटतं.

दरवाजेही त्याच हिशोबाने बघा. पाली दरवाजा प्रशस्त, अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढा, पायऱ्याही रुंद. तो पाहुण्यांचा, पालखीचा दरवाजा. पण आत आलात की लगेच गडात पोचत नाही, पुढे चढून गेल्यावर दुसरा दरवाजा, दोन्ही अंगांना बुरूज आणि त्यांच्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, तुमच्यावर रोखलेल्या. गुंजवणे दरवाज्याला तर एकामागून एक तीन. आणि चोर दरवाजा बघा, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मान खाली घालूनच गडात शिरायचं.

कुठल्याही दरवाज्यात गेलात की चौकटीच्या मागे दोन्ही भिंतींत हात घालून बघा. एका बाजूला उथळ खोबण, दुसऱ्या बाजूला हात खांद्यापर्यंत जाईल एवढी खोल. आडण्याचं लाकूड त्या खोल भोकात सरकवून ठेवायचे आणि दार लावलं की ओढून दुसऱ्या खोबणीत बसवायचे. भोकाची कड हाताला गुळगुळीत लागते. लाकूड रोज आतबाहेर करून झिजलेली. इतक्या वर्षांत माझ्या हाताला राजगड सगळ्यात जवळून कुठे लागला असेल तर तिथे.

जुई_प

सगळ्यांचे खूप आभार. गुंजवणेकरदादा, गोऱ्ह्याची गोष्ट बाबांनी आतापर्यंत तिघांना फोन करून सांगितली आहे, आणि प्रत्येक फोनमध्ये ओढणारी माणसं वाढतायत. आता बारा झालीत.

कैदी ठेवायचे म्हणणाऱ्या त्या दादांना हा धागा पाठवायला हवा होता, पण नंबर घेतला नाही.

बाबांचा नवा प्लॅन: दिवाळीनंतर पुन्हा जायचं, बोळाची रुंदी आणि दोन्ही तटांची जाडी प्रत्यक्ष मोजायची आणि दुहेरी तटाला एकेरीपेक्षा किती दगड जास्त लागला ते वहीत मांडायचं. वही आणलीसुद्धा. विचारतायत की घरात पाच मीटरची टेप आहे, ती पुरेल का?

ओळंबा

रुंदीला पुरेल, उंचीला नाही. उंचीसाठी सुतळी आणि खाली बांधायला एक दगड घ्या, वरून सोडा, गाठ मारा, खाली आल्यावर मोजा. सुतळी मी आणतो. तारीख कळवा.

गुंजवणेकर

मी हाय. काठी घेऊन पुढं मी उतरतो, मग बाबा. जेवण आमच्याकडं, पिठलं-भाकरी. आदल्या दिवशी फोन करा म्हणजे झालं.